कुळागरातली ब्रोमेलियाडं मेली कशाने, आणि आता लावायची कुठली

तुमचं पत्र लांब होतं, त्यातलं कामापुरतं आधी सांगतो. फोंड्याजवळ तुमचं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग. तीन वर्षांपूर्वी नर्सरीतून लाल पोंग्याच्या पाच निओरेगेलिया आणि फुललेल्या दोन गुझमानिया आणल्यात. दोन्ही ब्रोमेलियाडं, म्हणजे अननसाच्या कुळातली झाडं. पहिला पावसाळा सगळी झाडं पडवीत होती, छान राहिली. गुझमानियांचं फूल तीन-चार महिने टिकलं आणि मग झाडं हळूहळू वाळली. दुसऱ्या वर्षी मेमध्ये निओरेगेलिया पोफळींखाली जमिनीत लावल्यात आणि जुलैअखेर एकेकीचा पोंगा हात लावताच अलगद निघून आला. घरच्यांचा निकाल असा, की आपल्या पावसात ही शोभेची झाडं टिकायची नाहीत, वर डास तेवढे होतील. तुम्ही विचारताय, पुन्हा लावू का, आणि लावली तर कुठली.

लावा. पावसाने ती मेली असं मला वाटत नाही. मी सावंतवाडीच्या बाजूला वीसेक वर्षं ही झाडं वाढवतोय, आणि आमच्याकडचा पाऊस तुमच्याहून हलका नाही. तुमच्या पत्रात मी अडकलो तो एका शब्दावर, ‘पोफळी’. त्या वर्षी पोफळींवर बोर्डो हे बुरशीनाशक मारलं होतं का?

मारलं असणारच. कोळेरोगाच्या, म्हणजे सुपारीवरच्या बुरशीच्या रोगाच्या, भीतीने पावसाच्या तोंडावर एक फवारणी आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी, हा आपल्याकडचा शिरस्ता. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं हे ब्रोमेलियाडचं विष. निओरेगेलियाची मुळं मुख्यतः झाडाला धरून ठेवायला असतात. तिचं खाणंपिणं चालतं पानांच्या बुडाशी असलेल्या सूक्ष्म खवल्यांतून, पानांच्या मधोमध होणाऱ्या पेल्यात साठलेल्या पाण्यातून. पोफळीच्या शेंड्यावरून निथळलेलं पाणी थेट त्या पेल्यात पडतं आणि झाड ते पीत राहतं. जूनमधली एक फवारणी, जुलैच्या मध्यावर दुसरी, आणि जुलैअखेर पोंगे हातात. हिशेब जुळतो.

खात्री करायची असेल तर मेलेलं झाड कसं दिसत होतं ते आठवा. जमिनीत पाणी तुंबून कुजतं तेव्हा सुरुवात खालून होते. बुंधा तपकिरी, मऊ, वास मारणारा, बाहेरची पानं आधी सुटतात आणि झाड डुगडुगतं. तांब्याने मरतं तेव्हा बाहेरची पानं कित्येक दिवस हिरवी, टणक राहतात आणि मधला कोवळा पोंगा आधी जातो. पानांवर निळसर-पांढरे ठिपके वाळलेले दिसले असतील तर विषयच संपला.

ही चूक मीही केली आहे, त्यामुळे शहाणपणा शिकवत नाही. सुरुवातीच्या काळात एक सुंदर एकमिया (तेही ब्रोमेलियाडच) मी आंब्याच्या फांदीला बांधली, वायरमनने टाकून दिलेल्या विजेच्या तारेने. वरचं प्लास्टिक सोलून आतली तांब्याची तार वापरली, कारण ती मऊ आणि वळायला सोपी. पहिल्या पावसात झाड गेलं. मला वाटलं आंब्याच्या सालीत काहीतरी असेल. दुसरंही झाड त्याच तारेने बांधलं. तेही गेलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आता जुन्या सुती साडीच्या पट्ट्या किंवा जुने मोजे वापरतो. मुळं सालीला धरेपर्यंत त्या टिकतात, नंतर आपोआप कुजून गळतात.

तेव्हा जागा बदला. पोफळीच्या शेंड्याखाली कुठलंही ब्रोमेलियाड नको, आणि वाऱ्याने फवारा जाईल एवढ्या अंतरातही नको. तिथली मातीही टाळा. वर्षानुवर्षांचं तांबं मातीत साठून राहतं. आंब्यावर करप्यासाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड मारत असाल तर ते झाडही बाद. तुमच्याकडे जांभ्याचा गडगा, म्हणजे चिऱ्यांची कुंपणभिंत, असेलच. त्याच्यासारखी जागा नाही. चिरा खडबडीत, पाणी क्षणभर थांबत नाही, आणि फटीत मूठभर नारळाचं सोडण कोंबलं की निओरेगेलिया स्वतःच पाय रोवते. माझ्या सगळ्यांत जुन्या झाडांचा झुबका गेली बारा वर्षं गडग्यावर आहे आणि त्याला मी एकदाही खत घातलेलं नाही.

जमिनीत लावण्याबद्दल दोन शब्द. यांची बहुतेक मंडळी झाडांवर आणि कातळावर वाढणारी. पायाला वारा लागला पाहिजे, बाकी त्यांना फारसं काही नको. कुंडीत माझं मिश्रण असं: नारळाच्या सोडणाचे इंचभर तुकडे निम्मे, उरलेल्यात जांभ्याची खडी आणि लाकडी कोळसा. सोडण ताजं नको, एक पावसाळा उघड्यावर पडून मुरलेलं घ्या. नसेल तर तीन-चार वेळा भिजवून पाणी टाकून द्या. बाजारात मिळणारं बारीक कोकोपीट नुसतं वापरू नका, आपल्या पावसात त्याचा चिखल होतो. आणि झाड खोल पुरू नका. पानं जिथून फुटतात तो भाग मिश्रणाच्या वर राहिला पाहिजे. उथळ लावलं की झाड हलतं, आणि हलणारं झाड मुळं धरत नाही, म्हणून दोन काटक्यांचा आधार द्या. हे कंटाळवाणं काम आहे, पण नवीन लावलेली निम्मी झाडं याच आळसापायी जातात.

शेणखत, स्लरी, जीवामृत यातलं काही पेल्यात ओतू नका. तुम्ही ओतलं असं म्हणत नाही, पण लोक ओततात. नत्र जास्त झालं की निओरेगेलियाचा लाल रंग उडून ती हिरवीगार, लांबट, कोबीसारखी होते. आणि मग मालक म्हणतो की नर्सरीवाल्याने फसवलं.

आता गुझमानिया. त्या मेल्या म्हणून वाईट वाटून घेऊ नका, त्या मरायच्याच होत्या. केळीचं आहे तसंच यांचं. एका खोडाला एकदाच घड, मग ते खोड संपतं आणि मुनव्यांवर बाग चालते. बहुतेक ब्रोमेलियाडचं एकेक झाड आयुष्यात एकदाच फुलतं, बुंध्याशी पिल्लं देतं आणि वर्ष-दीड वर्षात वाळतं. चुकलं असेल ते एवढंच, की फूल सुकल्यावर झाड मेलं समजून तुम्ही ते टाकलंत किंवा पाणी बंद केलंत. फूल सुकलं की दांडा कापा, आईला पाणी चालू ठेवा. ती पिल्लांना पोसत असते.

पिल्लू कधी वेगळं करायचं? आईच्या निदान एक तृतीयांश उंचीचं झाल्यावर, आणि घाई नसेल तर निम्म्या उंचीचं झाल्यावर. लवकर कापलेलं पिल्लू जगतं, पण पुढचं वर्षभर रुसून बसतं. धारदार सुरीने बुंध्यालगत कापा, दोन दिवस सावलीत जखम सुकू द्या, मग लावा. आपल्याकडे हे काम गणपती आटोपले की सुरू करावं आणि दिवाळीपर्यंत संपवावं. जून-जुलैत कापलेल्या जखमा सुकत नाहीत. मुळात कापलंच पाहिजे असंही नाही. गडग्यावर मी पिल्लं तशीच ठेवतो, चार वर्षांत परातीएवढा झुबका होतो आणि तो एकट्या झाडापेक्षा देखणा दिसतो.

तुमच्या गुझमानिया दुकानात फुललेल्याच मिळाल्या, यामागेही एक गंमत आहे. एकोणिसाव्या शतकात अझोर्स बेटांवर अननसाच्या काचघरांत धूर केला तेव्हा सगळी झाडं एकदम फुलली. धुरातल्या इथिलीन वायूची ती करामत होती हे पुढे कळलं. अननसाच्या बागांत आज इथिलीन सोडणारं इथ्रेल हे औषध वापरतात ते त्याच कारणासाठी, आणि शोभेच्या ब्रोमेलियाडनाही ठरलेल्या हंगामात फुलवायला इथिलीनचाच आधार घेतात. घरी करून पाहायचं असेल तर पूर्ण वाढलेलं झाड, पेल्यातलं पाणी ओतून टाकून, एका पिकलेल्या सफरचंदासह प्लास्टिकच्या पिशवीत आठ-दहा दिवस सावलीत बांधून ठेवा. दोन-तीन महिन्यांत फूल दिसतं. लहान झाडावर हा प्रयोग करू नका, फूल खुरटं येतं आणि झाड उगाच म्हातारं होतं.

अननस म्हटलं म्हणून सांगतो. हे कुटुंब तुमच्या घरात आधीपासून आहे. अननस हे ब्रोमेलियाडच, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारतात आणलेलं, आणि आपला ‘अननस’ हा शब्दही ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांमार्फत आला. काजूही तिकडचाच. या कुटुंबात तीन हजारांवर जाती आहेत आणि पश्चिम आफ्रिकेतल्या एका जातीचा अपवाद सोडला तर सगळ्या अमेरिका खंडांतल्या. त्यातल्या ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जाती आपल्या दमट हवेत मुलखातल्यासारख्या राहतात. काजूला इथे जे मानवलं तेच यांनाही मानवतं. अँडीजच्या उंचीवरची, धुक्यातली मंडळी मात्र आपल्याकडे रात्रीच्या उकाड्यानेच जातात. चित्रं पाहून मोहात पडू नका, मूळ गाव कुठलं ते आधी विचारा. माझा निम्मा पैसा या एका प्रश्नाअभावी गेला.

म्हणून नव्याने सुरुवात करताना निओरेगेलियाच घ्या. फायरबॉल नावाची बुटकी जात सगळ्यांत आधी. वीतभर रुंद, पुरेसा उजेड मिळाला तर काळपट लाल, आणि लांब देठावर पिल्लं टाकत गडगाभर पसरणारी. दोन झाडं घेतलीत तर तीन-चार वर्षांत शेजाऱ्यांना वाटाल. कॅरोलिनी तिरंगी, म्हणजे मधोमध पांढरे पट्टे आणि फुलायच्या वेळी लाल होणारा पोंगा, ही बहुधा तुमच्याकडे होती तीच. ती परत घ्या, तिचा काही दोष नव्हता. भर उन्हाची जागा असेल तर क्रुएंटा, ती ब्राझीलच्या समुद्रकाठच्या वाळूवर वाढते आणि खाऱ्या वाऱ्याला भीत नाही. एकमियांमध्ये बाहियाच्या किनाऱ्यावरची ब्लँचेटियाना उन्हात केशरी होते. ती कमरेएवढी वाढते, काटेही आहेत, तेव्हा पोरं खेळतात त्या वाटेवर नको. चंदेरी पट्ट्यांची फॅसिएटा सगळीकडे मिळते. तिला सावली आणि थोडी ऊब द्या, पेल्यात पाणी जुनं होऊ देऊ नका.

बिलबर्जिया पिरॅमिडॅलिसची शिफारस करताना हात आखडतो. फूल डोळे दिपवणारं, पण आठवडाभरात खेळ संपतो. एवढं मात्र खरं की ती मरत नाही. आमच्या विहिरीमागे कुणीतरी फेकलेला तुकडा होता, त्याचं आज रान आहे. क्रिप्टँथस जमिनीवर चांदणीसारखी पसरते, पेला नाही त्यामुळे डासांचा प्रश्न नाही. सावलीतल्या पायवाटेला छान.

आणि जागा असेल तर एकच मोठं स्वप्न बाळगा: अल्कांटारिया इम्पिरिॲलिस. रिओजवळच्या डोंगरांतल्या उघड्या कातळावरचं हे झाड मीटर-दीड मीटर रुंद होतं आणि फुलायला दहाएक वर्षं घेतं. ब्राझीलचे उद्यानरचनाकार रॉबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी या झाडांना बागेत मानाचं पान दिलं. रिओजवळची त्यांची बाग 2021 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिची छायाचित्रं जरूर पाहा, विशेषतः कातळ, पाणी आणि ब्रोमेलियाड कसं एकत्र बसवलंय ते. तुमच्या जांभ्याच्या कातळावर तसं करता येईल. माझ्याकडचं झाड नववं वर्ष ओलांडून गेलंय. रोज सकाळी चहाचा कप घेऊन जाऊन पोंग्यात डोकावतो. अजून काही नाही.

उजेडाबद्दल एक गोष्ट कोकण-गोव्याबाहेरच्या माहितीत तुम्हाला सापडणार नाही. पावसाळ्याचे चार महिने ढगांखाली काढल्यावर पानं मऊ, हिरवी झालेली असतात. मग ऑक्टोबरमध्ये आकाश एकदम उघडतं आणि आठवड्यात पानांवर कागद जळल्यासारखे डाग पडतात. मेमधल्या उन्हापेक्षा ऑक्टोबरचं ऊन जास्त झाडं भाजतं, कारण झाड तयार नसतं. नवरात्राच्या सुमाराला कुंड्या थोड्या आत सरका किंवा वर हिरवी जाळी ताणा, महिनाभराने काढा. झाडावर बांधणार असाल तर चाफा सगळ्यांना सुचतो. साल उत्तम, पण तो उन्हाळ्यात पानं गाळून मोकळा होतो, म्हणजे सावली हवी तेव्हाच नाही. चाफ्यावर ऊन सोसणाऱ्या जातीच ठेवा. पेरूवर बांधू नका, तो साल टाकतो आणि सालीबरोबर तुमचं झाडही. तांब्याची फवारणी होत नसेल तर आंबा आणि फणस दोन्ही चांगले. बघणारे म्हणतील, आंब्यावर बांडगूळ कशाला चढवलंत? त्यांना सांगा, बांडगूळ झाडाचा रस ओढतं, हे फक्त फांदीवर बसतं, आपल्या सीतेची वेणी या ऑर्किडसारखं.

चंदेरी, केसाळ टिलँडसिया, ज्यांना लोक हवेतली झाडं म्हणतात, त्या आपल्या पावसात उघड्यावर ठेवू नका. जून ते सप्टेंबर पडवीच्या वळचणीखाली, वारा खेळेल अशा जागी टांगा. बाकीचे आठ महिने आठवड्यातून दोनदा सकाळी भिजवा आणि रात्रीपर्यंत पानं वाळू द्या, कारण त्यांच्या पानांची छिद्रं रात्री उघडतात. या टिलँडसियाचं नाव वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने एलियास टिलँड्झ या वनस्पतीअभ्यासकावरून ठेवलं. समुद्रप्रवासात त्यांना इतका त्रास झाला की परतताना पाणी टाळून ते बोथनियाच्या आखाताला वळसा घालून जमिनीवरून घरी गेले, अशी कथा आहे. या झाडांनाही पाणी नको असतं अशी लिनियसची समजूत होती. तशी ती चुकीची, पण आपल्या जुलै महिन्यापुरती अगदी बरोबर.

आता डास. घरच्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. पेल्यातल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. भर पावसात पेले सतत उतू जातात, तेव्हा फारशा नाहीत. त्रास होतो तो पावसाच्या उघडिपीत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून पाइपच्या जोरदार धारेने प्रत्येक पेला धुवून काढायचा. मी रविवार ठेवलाय. धार मारताना कधी पेल्यात बसलेला बेडूक उडी मारून थेट छातीवर येतो, त्याची सवय ठेवा. तो राहू दे, तो आपल्याच बाजूचा आहे. धुणं जमत नसेल तर बीटीआय नावाचं जिवाणूजन्य औषध मिळतं. त्याने डासांच्या अळ्या मरतात आणि झाडाला, बेडकाला काही होत नाही. रॉकेल किंवा कसलंही तेल मात्र टाकू नका, पानांचे खवले बुजून झाड गुदमरतं. शयनघराच्या खिडकीखाली पेल्याची झाडं लावायची नाहीत, एवढी तडजोड घरच्यांशी करा. आणि आठवड्याला धुवून होतील तेवढीच झाडं ठेवा. हा नियम मी स्वतः पाळत नाही, म्हणून सांगतो.

किडींत पिठ्या ढेकूण आणि खवले कीड. दोन-चार असतील तर जुन्या दातघासणीने पुसा. पावसात मोठ्या आफ्रिकी गोगलगाई कोवळे पोंगे कुरतडतात, रात्री विजेरी घेऊन वेचाव्या लागतात. त्यांच्यासाठी कुंडीभोवती तांब्याची पट्टी लावा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो ब्रोमेलियाडजवळ नको, कारण आता तुम्हाला माहीत आहे.

संग्रह करायचा म्हणताय तर पहिल्या झाडापासून नावपट्टी लावा. पेनची शाई दोन पावसाळे टिकत नाही, शिसपेन टिकते. नाहीतर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरा. निओरेगेलियाचे संकर हजारोंनी आहेत आणि एकदा पट्टी हरवली की नाव परत मिळत नाही. अंदाजाने नाव देऊन पिल्लू कुणाला देऊ नका, ‘नाव माहीत नाही’ असं लिहून द्या. परदेशातून परस्पर पार्सलने झाडं मागवायच्या फंदात पडू नका. 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, आणि झेरोग्राफिकासारख्या काही टिलँडसियांवर ‘साइट्स’ या, दुर्मिळ जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधनही आहे. हे नियम उगाच नाहीत. मेक्सिकोहून आलेल्या झाडांबरोबर एक सोंडकिडा फ्लोरिडात शिरला, 1989 मध्ये तो पहिल्यांदा सापडला, आणि तिथल्या रानातली टिलँडसियांची झाडं त्याने पोखरून टाकली.

शेवटी, मेलेल्या पाच निओरेगेलियांचे बुंधे तुम्ही उपटून टाकलेत का, ते पत्रात नाही. टाकले नसतील तर आजच काढा, पाण्याने स्वच्छ धुवा आणि बुडाकडची सुकी पानं एकेक सोलून पाहा. पोंगा गेला तरी बुंधा टणक असेल तर बाजूचे डोळे जिवंत असू शकतात. हरभऱ्याएवढा हिरवा कोंब दिसला, तर तो बुंधा पोफळींपासून लांब, सावलीत, ओलसर सोडणावर आडवा ठेवा.